न मरणारी मेंढरं

कावेरीकाठच्या त्या गावात देवळातला अखंड दिवा एरन धनगराच्या तुपावर जळायचा. कुणा पल्लव राजाच्या अमलात त्याच्या आज्याला दिव्यासाठी मेंढरं मिळालेली. म्हातारी मेंढी गेली की तिचं कोकरू तिच्या जागी. कळप उणा पडू द्यायचा नाही. म्हणून देवळाच्या शिळेवर कोरलेलं, ही मेंढरं मरत नाहीत, म्हातारी होत नाहीत.

पल्लवांचे दिवस सरले, चोळ वर चढले. गावानं विटांचं देऊळ उतरवून दगडाचं बांधायला काढलं. नव्या भिंतीवर राजाची बिरुदं कोरता कोरता सेंदन पाथरवट जेरीस आला. राजानं मुलूख मारला की ह्याची ओळ वाढायची. जुन्या शिळांवरचे लेख तिथं उतरवून घ्यायला जागा पुरेना, तेव्हा गावसभेचा म्होरक्या वेळान म्हणाला, पल्लवाचा लेख गाळून टाका. लेख गेला की कळप देवळात जमा, आणि तिथून वेळानच्या मेव्हण्याच्या मेंढवाड्यात. हे एरनला न सांगता कळलं.

तो सभेत गेला. वेळान हसला.

"पल्लव मेला, अन् त्याची मेंढरं तेवढी मरंनात व्हय?"

"राजं मरत्यातच, अण्णा. म्हणून तर मेंढरं मरायची न्हाईत असं लिवलंय."

सभा हसली, पण निकाल काही फिरला नाही.

मग वेळाननं आपल्या नावाचा नवा दिवा लावायचा घाट घातला. मेंढरं आणली, धनगर बोलावले. दिव्याची मेंढरं घ्यायची तर बाकीच्या धनगरांनी जामीन राहायचं, ही रीतच. पण मेंढरं घ्यायलाच कुणी पुढं होईना.

शेवटी एक म्हातारा धनगर बोलला, "एरनची शिळा आज मेली. तुमची उद्या मरंल, मालक. मग आमी कुणाच्या जिवावर जामीन ऱ्हायचं?"

वेळान मिशी चावत नव्या भिंतीपाशी गेला. मग सेंदनला म्हणाला, "जोत्यावर जागा हाय का रं?"

"हाय. पर वाकून कोरावं लागंल."

"मग वाक की."

सेंदननं जोत्यावर आधी कोरलं की हे जुन्या शिळेवरून उतरवलंय. आणि खाली पल्लवाच्या सालासकट सगळा लेख, म्हणजे एरनचा कळप एरनकडंच. तेवढं झाल्यावर म्हाताऱ्यानं वेळानची मेंढरं घेतली, आणि जामीन म्हणून पहिला एरन उभा राहिला.

वेळान हळूच म्हणाला, "अन् उद्या चोळांच्या वर कुणी चढला तर?"

"तर त्याच्या पाथरवटालाबी काम मिळंल," एरन म्हणाला, आणि मेंढरं वळवायला निघाला.