पेचकसानं ढकललेला पिस्टन

गाडी माझी होती. हे आधीच सांगते, कारण आमच्या वरठीच्या घरात ही गोष्ट माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात राहत नसे. नाकाडोंगरीकडच्या आरोग्य केंद्रात मला नर्सची नोकरी लागली, बसच्या वेळा ड्यूटीशी जुळेनात, म्हणून मी जुनी चारचाकी गाडी घेतली. तिची लहानसहान कामंही शिकले. हौस म्हणून नाही. जंगलाच्या रस्त्यात गाडी अडली तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं, म्हणून.

त्या पावसाळ्यात पुढचे ब्रेक करकरायला लागले. पॅड झिजले होते. मी नवे पॅड आणले, ओळखीच्या सुताराकडून लोखंडी क्लॅम्प मागून आणला आणि रविवारी काम करायचं ठरवलं. काम तसं अवघड नाही. नवे पॅड जाड असतात, ते बसावेत म्हणून पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन मागं सरकवावा लागतो. पिस्टनवर जुना पॅड टेकवायचा, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल करायचं आणि क्लॅम्प हळूहळू आवळत जायचा. पिस्टन सरळ आत गेला पाहिजे आणि त्याच्याभोवतीच्या रबराला इजा होता कामा नये. चिखलपाणी अडवायला तेवढंच एक रबर असतं.

शनिवारची रात्रपाळी करून रविवारी सकाळी आले आणि झोपले. दुपारी उठले तर दादा अंगणात हात पुसत उभा. दादा स्टील प्लांटात कामाला आहे, त्यामुळे लोखंडाचं जे काही असेल ते आपल्याला कळतं, असं त्याला वाटतं.

"झालं तुयं काम," तो म्हणाला.

क्लॅम्प ओट्यावर मी ठेवला तसाच पिशवीत होता.

"पिस्टन कशानं मागं केला?"

"पेचकस घातला अन् हाणला. त्यात काय एवढं?"

स्क्रू ड्रायव्हरचं टोक थेट रबरात जातं. रबर फाटलं असेल, चाक काढून बघते, म्हटलं, तर बाबा खाटेवरून ओरडले, "त्यानं सुटीच्या दिवशी तुयासाठी एवढं केलं, अन् तू तपासून राहिली?"

चाकाचा पाना मागितला, तर दादा तो मित्राला देऊन मोकळा झाला होता. पाना परत आला तोवर माझ्या ड्यूटीच्या पाळ्या सुरू झाल्या. ब्रेकही बरे लागत होते, म्हणून बघायचं राहिलं.

मग धानाची रोवणी आली, लावणीचे दिवस. ट्रॅक्टर शेताच्या बांधीतून निघत आणि सगळा चिखल डांबरावर सांडत जात. त्या चिखलातून मी रोज ये-जा केली. पुढे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला तपासणीसाठी नागपूरला नेलं. परत येताना वाटेतल्या शहापूरच्या अलीकडे गाडी डावीकडे ओढू लागली.

"काहीतरी जळून राहिलं वं," आई म्हणाली.

मी ब्रेक दाबला, आणि गाडी थेट डावीकडच्या मोटरसायकलवर चालून गेली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून चाललेला माणूस होता. त्यानं मोटरसायकल कडेच्या चिखलात घातली म्हणून वाचला. एक कॅन उलटला. मी कशीबशी थांबून धावत त्याच्याकडे गेले. त्यानं मला पोटभर शिव्या दिल्या. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. हात जोडून उभं राहण्यापलीकडे मी काही करू शकले नाही.

डाव्या चाकातून धूर येत होता. मी दादाला फोन लावला.

"हँडब्रेक वढून चालवली असशीन तू," तो म्हणाला. "बायकाइले ध्यानातच राहत नाही."

"हँडब्रेक मागच्या चाकाले लागते, दादा. पुढचं जळून राहिलं."

त्यानं फोन ठेवला.

आईला चहाच्या टपरीत बसवलं. चाक निवल्यावर जॅक लावून काढलं. रबर एका बाजूनं चिरलेलं, आत वाळलेला चिखल, पिस्टन तिरका होऊन अडकलेला आणि त्याच्या कडेवर पेचकसाचा ओरखडा. डोळ्यांवर काळा चष्मा लावलेली आई टपरीतून विचारत होती, "काय झालं वं?" "दादाचा पेचकस," मी म्हटलं.

हायवेवरच्या मेकॅनिकनं गाडी ओढून नेली, आम्ही बसनं घरी आलो. पुढच्या डाव्या चाकाला दुसरा कॅलिपर बसवावा लागला. उजवीकडचं रबरही फाटलेलंच निघालं. गाडी आणली त्या संध्याकाळी दादा जेवत होता. मी तो बिघडलेला कॅलिपर त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"जेवताना कायले?" बाबा म्हणाले. "माय धड आली न घरी? मंग सोड."

"धड आली म्हणजे?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी होती न गाडीत. तो दूधवाला चाकाखाली आला असता. तुमी काय बोलून राहिले?"

दादा भाताशी खेळत म्हणाला, "तुयासाठीच केलं होतं न मी."

फोनवरच्या त्या हँडब्रेकच्या बोलण्यापेक्षा या वाक्यानं मी जास्त पेटले.

"मायासाठी केलं असतं तर मले उठवून इचारलं असतं. तू तुयासाठी केलं. आंगणात हात पुसत उभं राहाले."

तो ताटावरून उठला. चूक झाली, असं तो तेव्हाही म्हणाला नाही आणि नंतरही नाही.

दिवाळीनंतर मित्राच्या लग्नाला जायला त्यानं गाडीची किल्ली मागितली. मी नाही म्हटलं. बाबा मध्ये पडले, एवढं काय धरून बसली म्हणाले. मी पुन्हा नाही म्हटलं. दादा बसनं गेला. बाबा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्या दिवसांत मीही काही बोलायला गेले नाही.