सरळ करंगळी

"बाई, ह्यो हात माझ्या चेडवाचो नाय."

माता मेळावा ऐन रंगात आला होता. हळदीकुंकू झालं होतं, तिळाचे लाडू वाटून व्हायचे होते, तपासणीचे साहेब पुढच्या खुर्चीत बसले होते. आणि कुंदाची आई हातात ग्रीटिंग कार्ड घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेडू म्हणजे मुलगी. तिच्या मुलीने तिला दिलेल्या कार्डावरचा हात तिच्या मुलीचा नव्हता, असं ती म्हणत होती.

आणि ते खरं होतं.

मी तेव्हा सुर्ल्याच्या सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गावर होते. घर धारगळला. नवरा जहाजावर, पाच वर्षांचा गौरेश जाऊबाईंपाशी, आणि मी सुर्ल्यात भाड्याच्या एका खोलीत. शनिवारी शाळा सुटली की डिचोली, म्हापसा करत धारगळ गाठायचं, सोमवारी पहाटेची बस धरायची. खाणी जोरात होत्या. खनिजाचे ट्रक दिवसभर दारावरून जायचे, म्हणून जनेल उघडायची सोय नव्हती. शाळा सुटली की त्या बंद खिडकीआड चहाचा कप घेऊन बसायचं. बोलायला कोणी नाही. लोक म्हणायचे, बाईंचं बरं आहे, सरकारी नोकरी. बरं कसलं, कर्म माझं! संध्याकाळी साडेपाचनंतर मला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही.

तर कार्डांचं. आमच्याकडे कार्यानुभव नावाचा तास असतो. म्हणजे हाताने काहीतरी करायचं: कागदकाम, मातकाम, शिवण. जानेवारीत माता मेळावा ठरला तेव्हा मी हेडसरांना म्हटलं, "मुलांकडून आयांसाठी कार्डं करून घेते. जाड कागद दुमडायचा, वर मुलाने स्वतःचा हात ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची, आत रंग भरायचा. आतल्या पानावर 'प्रिय आईस' आणि नाव. खर्च काही नाही."

"करा. पण साहेब येणार आहेत. टापटीप हवी," हेडसर म्हणाले.

मुलांना काही शिकवायचं तर आधी शिक्षकाने एक करून दाखवायचं, त्याला नमुना म्हणतात. माझा हात नमुन्याला मोठा. म्हणून रविवारी धारगळला गौरेशला ओसरीवर बसवलं आणि त्याचा डावा हात पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली. त्याला गुदगुल्या झाल्या. हसता हसता त्याने विचारलं, "हें माका?"

"न्हय रे, शाळेक," मी म्हटलं.

तो उठून काकीकडे गेला. मी कात्रीने तो हात कापून पर्समध्ये ठेवला. स्वतःच्या मुलाचा हात मी शाळेच्या कामाला नेला, आणि त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही. वाटलं ते खोलीवर आल्यावर. तो पुठ्ठ्याचा हात मेजावर होता. त्यावर मी माझा तळवा ठेवून पाहिला आणि चहा तसाच गार झाला.

मंगळवारी वर्गात घोटाळा झाला. सात वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हाताभोवती पेन्सिल फिरवता येत नाही. एक हात धरायचा, दुसऱ्याने गिरवायचं, तोवर पहिला सरकतो. कोणाला चारच बोटं झाली, कोणाचा अंगठा मनगटातून निघाला. हेडसर दारातून डोकावले. "बाई, हे हात आहेत की भेंडी?"

"मुलं लहान आहेत, सर."

"लहान आहेत ते साहेबांना सांगणार आहात? तुमचा नमुना कसा सुबक आहे! तोच फिरवा की सगळ्यांत."

मी फिरवला. विरोध केला असता तर? पण नाही केला. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं झालं. गौरेशचा हात बाकाबाकावरून फिरला, मुलांनी तो कागदावर दाबून धरला, आणि दोन तासांत वर्गभर एकसारखे सुबक हात तयार झाले. कुंदाने तिच्या कार्डावरचा हात लाल रंगवला, आत "प्रिय आईस, तुझी कुंदा" लिहिलं आणि कार्ड दप्तरात न ठेवता छातीशी धरून बसली.

कुंदा माझ्या वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. तिचा बाप खाणीच्या ट्रकावर ड्रायव्हर. सुर्ल्यात ती बाप आणि आत्याबरोबर राहायची. आई दोडामार्गच्या पलीकडे गावी, अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी. दिवाळीनंतर मायलेकी भेटल्या नव्हत्या. मेळाव्यासाठी आई दोन बसगाड्या बदलून आली होती आणि चारच्या गाडीने तिला परत जायचं होतं. नाहीतर म्हातारीला रात्री पाणी द्यायला कोणी नव्हतं.

आता ती कार्डावर बोट ठेवून उभी होती. "हिची करंगळी वाकडी आसा, बाई. दारात चेचलली. हंयसर सरळ दिसता."

हेडसर पुढे आले. "अहो, कार्डावरची करंगळी कोण बघतं!"

"मी बघतंय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "ती हंयसर, मी थंयसर. माका ह्यो हात घरात लावूचो आसा." लेक इथे, आई तिथे, आणि लेकीचा हात तिला घरात लावायचा होता.

शेजारच्या बाईने स्वतःचं कार्ड पुढे केलं. मग तिसरीने. कार्डाला कार्ड लागलं आणि सगळ्या जणींच्या लक्षात आलं. एक जण फिस्सकन हसली.

"काय प्रकार आहे?" साहेबांनी विचारलं.

हेडसर माझ्याकडे बघत होते. लहान मुलांचे हात सारखेच असतात, असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण कुंदा आईचा पदर धरून खाली बघत होती आणि तिने डावा हात पाठीमागे लपवला होता. वाकडी करंगळी हा तिचाच गुन्हा असल्यासारखा. ते बघून मला माझीच लाज वाटली.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी सगळ्यांना एकच हात गिरवायला दिला. टापटीप दिसावी म्हणून."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. नवे कागद उरले नव्हते. मी कपाट उघडून सहामाहीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका काढल्या, कोऱ्या बाजू वर केल्या, आणि म्हटलं, "मुलांना जमत नाही. पेन्सिल आता तुम्ही धरा. आपापल्या मुलाचा हात आपणच काढा."

काही जणी शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. "माका खंय येता गो बाय," म्हणत लाजत लाजत त्या बाकांवर बसल्या. लाडू तसेच राहिले. कुंदाची आई जमिनीवरच बसली. तिने लेकीचा हात कागदावर ठेवला आणि एकेक बोट सावकाश काढलं. करंगळीपाशी थांबली. तिथे दोनदा गिरवलं. मग कुंदाने त्याखाली नाव लिहिलं आणि आईने कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली.

जाताना तिने पहिलं कार्ड माझ्यापुढे धरलं. "मगे ह्यो हात कोणाचो?"

"माझ्या मुलाचा."

"खंय आसा तो?"

"धारगळला. जावेकडे."

"आणि तुमी हंयसर एकल्याच?"

मी मान हलवली.

"मगे ह्यो तुमी ठेवा," ती म्हणाली. कार्ड माझ्या हातात देऊन, कुंदाच्या गालावरून हात फिरवून ती बस पकडायला धावत सुटली. गाडी मिळाली तिला. कुंदा फाटकाशी उभी राहिली, तिच्यामागे मी. कितीतरी ट्रक गेले तरी आम्ही दोघी तिथेच होतो.

साहेबांनी लॉगबुकात, म्हणजे तपासणीच्या वहीत, शेरा लिहिला: कार्यानुभवाच्या कामात एकसारखेपणा नाही. हेडसर दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. म्हणजे मला फारसा फरक पडला नाही, बोलायला तसंही कोण होतं!

शनिवारी मी ते कार्ड धारगळला नेलं. गौरेशने त्यावर हात ठेवून पाहिला. बरोबर बसला.

"हात म्हजो," तो म्हणाला. मग कार्ड उघडलं. अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण स्वतःचं नाव असं दिसत नाही एवढं कळत होतं. "नांव कोणाचें?"

"कुंदाचं. माझ्या वर्गातली."

त्याने माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली, ओसरीवर पालथा पडला आणि कुंदाच्या नावाखाली एक मोठा, उलटा ग काढला. त्याला तेवढंच येत होतं. मी सोमवारी पहाटे निघाले तेव्हा तो काकीच्या कुशीत झोपला होता.

पुढे बदली होईपर्यंत ते कार्ड सुर्ल्याच्या खोलीत बंद जनेलाशेजारी होतं. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मी मुलांकडून आयांसाठी कार्डं करून घेतली. नमुना फक्त घडी कशी घालायची याचा दाखवला. हात ज्याचा त्याचाच घेतला, वाकडा तर वाकडा, आणि दरवर्षी शेरा तोच मिळाला.

गौरेशने मात्र मला दुसरं कार्ड कधी केलं नाही. शाळेत त्याच्याकडून करून घेतलेली सगळी कार्डं त्याने काकीला दिली. घरात समोर काकीच होती, मग आणखी कोणाला देणार?