दोघांची मिरवणूक

नॉर्वेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने आमची बोट चालली होती. त्या दिवशी त्यांचा राष्ट्रीय सण. सकाळपासून प्रत्येक बंदरावर बँड, झेंडे आणि नटलेली माणसं दिसत होती. मग गावं संपली आणि दोन्हीकडे नुसते डोंगर नि झोपेतल्यासारखं निळं पाणी उरलं. मी आणि बायको कठड्याला टेकून उभे होतो.

तेवढ्यात एका खडकाळ बेटावर एकुलतं एक लाल घर दिसलं. घराभोवती एक म्हातारा झेंडा उंच धरून चालत होता. त्याच्या मागे नक्षीचा झगा घातलेली म्हातारी. बघायला कुणी नव्हतं, तरी दोघं अगदी मिरवणुकीच्या चालीने फेरी घालत होती. कप्तानाने बोट हळू केली आणि लांबलचक भोंगा वाजवला. म्हातारा थांबला नाही. फक्त त्याची पाठ आणखी ताठ झाली.

घर धुक्यात विरघळलं, तरी आम्ही तिथेच. सण गर्दीने होतो, असं मला आजवर वाटायचं. मुलं परदेशी गेल्यापासून दिवाळीत आमच्या गॅलरीत आकाशकंदील लागलेला नाही. दोघांसाठी कशाला, असं आम्हीच म्हणतो.

कठड्यावरून वळत बायको म्हणाली, "अहो, आपला कंदील माळ्यावरच आहे ना?"