उन्हाने पिकलेली डायल

द्वारका चौकातल्या चारफुटी दुकानाचं शटर वर गेलं, की पुंजाराम झाडू हातात घेण्याआधी घड्याळांना चावी द्यायचे. एकतीस घड्याळं. सगळी गिऱ्हाइकांची; दुरुस्तीला टाकलेली आणि न्यायला कुणी न आलेली. सेलवाली घड्याळं आली तेव्हा लोक म्हणाले, दुरुस्तीच्या पैशांत नवं येतं. मग मोबाइल आले आणि मनगटाकडे बघायची सवयच गेली. पण घड्याळ बंद ठेवलं की आतलं तेल सुकतं, म्हणून पुंजाराम एकेकाला चावी देत, बोटाला ताण लागला की थांबत, आणि एकतिसावं टिकटिकू लागल्यावरच शेजारून आलेला चहा तोंडाला लावत. तोवर त्यावर साय धरलेली असे.

दोन वर्षांपूर्वी हर्षल यायला लागला. कंपनीत नोकरी, हातात महागडा फोन, आणि खिशात पुंजारामांच्या भिंगाहून चांगलं भिंग. त्याला चावीचीच घड्याळं हवी असत. दिवसाला पाच मिनिटं मागे पडणाऱ्या वस्तूपायी हा शिकलेला माणूस एवढा वेडा का होतो, याचं पुंजारामांना भारी कुतूहल. हातातलं काम बाजूला ठेवून ते त्याला विचारत बसायचे. हर्षल फोनवर भाव दाखवायचा. भंगारात गेली असती अशी घड्याळं वर्षभरात तिप्पट किमतीची झालेली. आधी जुनी घड्याळं जमवणाऱ्या या मंडळींना चकचकीत डायल हव्या होत्या. मग हवा फिरली. आता नवी केलेली डायल दिसली की ते नाक मुरडत. त्यांना हवा होता डाग, पिवळेपणा, वापरलेलं दिसणं.

हे मात्र पुंजारामांच्या गळी उतरेना. जुनी डायल नवी करावी ती त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. रंग उतरवायचा, नवा चढवायचा, केसाएवढ्या ब्रशने आकडे भरायचे. गिऱ्हाइकाचं घड्याळ आलं त्याहून बरं दिसल्याशिवाय परत द्यायचं नाही, ही त्यांच्या उस्तादांची शिस्त.

मार्चमध्ये एका सकाळी हर्षल काचेच्या कपाटापुढे वाकला तो वाकलेलाच राहिला. पुढच्याच रांगेत एक घड्याळ होतं. डायल मूळची काळी, पण पूर्वेच्या उन्हाने कडेपासून तपकिरी होत गेलेली. असा रंग कुणाला ठरवून आणता येत नाही, तो म्हणाला. याला आम्ही ट्रॉपिकल म्हणतो. त्याने पंधरा हजार देऊ केले.

पुंजारामांनी घड्याळाखालची चिठ्ठी काढली. रावजी, पॉइंटमन, मनमाड. १९९८. कालपर्यंत ते कुणीतरी विसरलेलं घड्याळ होतं. आता ती त्यांच्याकडची ठेव झाली. विकायचं की नाही हे रावजींनी सांगायचं, आणि पैसे त्यांनाच मिळायचे. मनमाडच्या एका गिऱ्हाइकाकरवी शोध लागला. रावजी रिटायर होऊन रेल्वे कॉलनीमागे राहत होते.

जायचा दिवस जवळ आला तसं पुंजारामांना अवघडल्यासारखं व्हायला लागलं. सव्वीस वर्षांनी माणसाला त्याची वस्तू द्यायची, तीही डागाळलेली? हर्षलचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण नव्या डायलला कुणी कमी पैसे देईल हे त्यांच्या पन्नास वर्षांच्या हाताला खरंच वाटत नव्हतं. तीन दिवस खपून त्यांनी ती डायल नवी केली. इतकं सुबक काम त्यांच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मनमाडला रावजींनी घड्याळ आधी कानाशी धरलं. भुसावळला बदली झाली अन् मग राहूनच गेलं, म्हणाले. पुंजारामांनी मोठ्या हौसेने हर्षलला व्हिडिओ कॉल लावला आणि घड्याळ पुढे धरलं.

हर्षलने फोन डोळ्यांजवळ घेतला.

"काका, डायल केली?"

"केली की. बघ कशी उठून दिसतेय."

"मग आता हजारभर मिळतील. तेसुद्धा कुणी घेतलं तर."

तो रागावला नव्हता, हेच पुंजारामांना जास्त लागलं. फोन ठेवून त्यांनी रावजींना सगळं सांगितलं; ऊन, तपकिरी रंग, पंधरा हजार, काही लपवलं नाही. नुकसान हप्त्याने भरून देतो, असंही म्हणाले.

रावजींना हसू आवरेना. "सव्वीस वर्षं डायलला हात लावला नाय, अन् तीन दिवसांत चौदा हजार पुसून टाकले. लय भारी मिस्तरी हाय बाबा तुम्ही."

पुंजारामांनी मान खाली घातली. रावजी हसायचे थांबले. घड्याळ उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

"पण मी दिलं तवा हे असंच काळं व्हतं," ते म्हणाले. "हप्ता-बिप्ता राहू द्या. इकायचं कुणाला हाय?"

ते मनगटावर बांधू लागले. मनगट आता बारीक झालं होतं. पट्ट्याच्या शेवटच्या भोकातही घड्याळ सैल पडत होतं. पुंजारामांनी पिशवीतून टोचा काढला, पट्टा गुडघ्यावर ठेवला आणि आतल्या बाजूला एक नवं भोक पाडलं. मग स्वतःच्या हाताने घड्याळ बांधून दिलं, गाडीला किती वेळ आहे ते त्यातच बघितलं आणि उठले.

उंबऱ्याशी चपला घालताना ते वळले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे तेच म्हणाले, "रोज सकाळी एकाच वेळेला चावी द्या. अन् हात धुताना काढून ठेवत जा."