ओट्यावरची किल्ली

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही. निवृत्तीनंतर बाकीच्या केसेस विसरत चाललो. ही मात्र अंधेरीला गेलो की दर वेळी समोर उभी राहते.

मी तेव्हा तिथल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. टॉवरांच्या मधोमध एक जुनं गावठाण आहे. कौलारू घरं, कोरीव लाकडी कठडे, चौकात दगडी क्रूस आणि पोर्तुगीज काळातलं चर्च. त्याच्या जाड भिंतींत इतका गारवा, की मे महिन्यात बंदोबस्तासाठी आम्ही आपणहून तिथली ड्यूटी मागायचो.

चर्चच्या सणाच्या आठवडाभर आधी मनोऱ्यातली घंटा चोरीला गेली. मनोऱ्याच्या दाराचं कुलूप शाबूत. आमचा खबरी म्हणाला, "साहेब, किल्ली एकाच माणसाकडे असते." तो माणूस म्हणजे घंटा वाजवणारा, साठीचा म्हातारा. त्याच्या बापानेही हेच काम केलेलं.

संध्याकाळी क्रुसासमोर सगळा गाव प्रार्थनेला बसला होता. संपेपर्यंतही मी थांबलो नाही. त्याला दंडाला धरून उठवलं. एक बाई कडाडली, "ओ सायेब, चाळीस वर्सं वाजवतो तो तिला! आपल्या आईला कोन विकतं काय?"

ठाण्यात विचारलं, "किल्ली कुठे होती?"

"घराच्या ओट्यावर, खिळ्याला. नेहमी तितंच असते."

"चर्चची किल्ली ओट्यावर? मला येडा समजतोस?"

"गावाची किल्ली हाय, सायेब. मी नसलो आनि कोन मेलं, तर घंटा कोन वाजवनार?"

मी त्याच्या कानफटात मारली. चष्मा खाली पडला. त्याने तो उचलला, शर्टाला पुसला आणि म्हणाला, "चोर ठरलो तर गाव माज्या हातात दोरी देनार नाय."

तो ओटा ठाण्यापासून दहा मिनिटांवर होता. मी बघायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराने बातमी आणली. जोगेश्वरीच्या एका भंगारवाल्याकडे तीन जुन्या घंटा आल्या होत्या. भंगारवाला छातीठोकपणे म्हणाला, "तीनों जहाज़ की हैं, साब." धुळीने माखलेल्या तिन्ही सारख्याच दिसत होत्या आणि एकीवरही अक्षर नव्हतं. शेवटी म्हाताऱ्यालाच बोलावून घेतलं. त्याने प्रत्येकीवरून तळवा फिरवला आणि मधलीपाशी थांबला.

"ही."

"कशावरून?"

"सनाआधी शिडीवर चढून चिंचेनं घासतो. माजा हात पोचतो तितवरच चकाकते. भिंतीकडची बाजू बापाच्या टायमापास्नं काळी."

पंचांसमोर घंटा पुसून फिरवली. अर्धी लखलखीत, अर्धी काळी, आणि दोन्हींमधली रेघ हात जिथवर पोचला तशी वाकडी. भंगारवाला घाबरला, बोलू लागला. सणासाठी चर्चचं रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराने घंटा विकली होती. ठेकेदाराला उचललं. तो म्हणाला, "किल्ली ओट्यावरच लटकत होती साहेब, काम झाल्यावर परत लावली." मग मी तो ओटा बघायला गेलो. खिळा होता, झिजून गुळगुळीत झालेला.

कागदावर मी लिहिलं, 'गोपनीय माहिती व कसून केलेल्या तपासाअंती मुद्देमाल हस्तगत.' स्टेशन डायरीत म्हाताऱ्याबद्दल एकच ओळ, 'चौकशी करून सोडले.' थप्पड कुठेच नाही. त्या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते माझ्या हॉलमध्ये लावलेलं आहे.

घंटा परत चढली त्या दिवशी त्याने मला बोलावलं. दोरी माझ्या हातात देत म्हणाला, "सायेब, पयली तुमी वाजवा." गावाने टाळ्या वाजवल्या. तेव्हा बोलायला हवं होतं. मी दोरी ओढली आणि चहा पिऊन निघालो.

संशयिताचं म्हणणं खोटं ठरवण्याआधी उठून बघून यावं, हे मी पुढे नव्या मुलांना शिकवलं. कुठे शिकलो, ते सांगितलं नाही. कुलपाची किल्ली उघड्यावर टांगून पिढ्यान् पिढ्या निर्धास्त राहिलेल्या त्या गावासारखं गाव मला नोकरीत पुन्हा भेटलं नाही.

तो आता ऐंशीच्या पुढे आहे. घंटा पुतण्या वाजवतो, ती घासायची कशी, ते मात्र अजून तोच सांगतो म्हणे. त्याला मी ज्या क्रुसासमोरून उठवून नेलं, तिथेच, सगळ्या गावादेखत त्याची माफी मागायची आहे. ती मी अजून मागितलेली नाही.