आण्णांच्या वजनाचा तक्ता

१६ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. ऐरोलीतल्या कचेरीत मी आण्णांच्या वजनाचा तक्ता उघडला आणि समाधानाने मिटला. सलग पाचव्या दिवशी तोच आकडा होता: ६८.४.

आण्णांचे, माझ्या वडिलांचे, हृदय अशक्त झाले होते. अंगात पाणी साठू लागले की वजन चढते; तीन दिवसांत दोन किलो वाढले तर तडक घेऊन या, असे डॉक्टरांनी बजावले होते. आई गेल्यापासून कोपरखैरण्याच्या घरात आम्ही दोघेच, आणि मी दिवसभर बाहेर. म्हणून मी घरच्या संगणकासाठी एक लहान प्रोग्रॅम लिहिला. एक तक्ता, एक 'जतन करा' बटण. जतन होताच आकडा मला कचेरीत दिसे. नव्या ओळीत आदल्या दिवसाचे वजन आपोआप येई, ते फक्त बदलायचे. या सोयीचा मला अभिमान होता. सोमवारचा पहिला आकडा मीच भरून दाखवला.

आण्णांनी आयुष्यभर वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात तोलणार म्हणून पोती तोलली होती. मी आणलेला नवा काटा त्यांनी पायाने ढकलून पाहिला.

"काटा हाय का बिस्किटाचा डबा?"

"आण्णा, अगदी अचूक आहे."

"असंल. पर पहिला तोल काट्याचा, दुसरा मालाचा. दोनदा तोलल्याबिगर मी पक्कं करत नसतो."

मी हसले. मोजमाप पुन्हा करून पाहावे, हे तर प्रयोगशाळेतलेही तत्त्व.

त्या शुक्रवारी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. आण्णा जिन्यातच बसले होते, दम आवरत नव्हता. मी पोहोचले तेव्हा ते खुर्चीत होते आणि पाय घोट्यांच्या वर सुजले होते. संगणक चालू होता. शुक्रवारच्या चौकटीत ७१.६ दिसत होते, शेजारी कर्सर लुकलुकत होता, आणि खाली 'जतन झाले' असा संदेश.

"आण्णा, हा आकडा मला आला नाही."

"रोज टाकतो की. आकडा टाकायचा, चौकट तशीच उघडी ठिवायची, परत काट्यावर जायचं. जुळलं की तुझं बटण दाबायचं."

"आणि एंटर?"

"बटणावर 'जतन करा' तूच लिवलंयस ना? मग एंटर कशाला?" त्यांना बोलताना थांबावे लागत होते. "दुसऱ्या दिवशी कालचा आकडा बदललेला दिसायचा. म्हटलं, पोरगी शिकलेली, तिनं बघून दुरुस्त केला असंल. म्हणून गप बसलो."

एंटर दाबेपर्यंत टंकलेला आकडा केवळ पडद्यावर असतो. माझे बटण मात्र तक्त्यातले जुने मूल्य उचलत होते. जतन करण्यापूर्वी उघडी चौकट बंद करायची, एवढी एक ओळ हवी होती. ती मला ठाऊक होती. चाचणी घेताना मी सवयीने प्रत्येक वेळी एंटर दाबले होते, म्हणून तिची उणीव जाणवलीच नाही. पण पाच दिवस एका दशांशानेही न हलणारे वजन जिवंत माणसाचे नसते, हे मला कळायला हवे होते. रोज संध्याकाळी घरी येऊन मी आलेख पाहत होते, त्यांचे पाय नव्हे.

रुग्णालयाच्या बाकावर बसून शनिवारी मी ती ओळ लिहिली. रोज सकाळी परिचारिका आण्णांना आधार देऊन काट्यावर उभे करत. औषधांनी पाणी उतरू लागले: ७०.९, ७०.३, ६९.८.

"माल घटतोय गं," आण्णा म्हणाले. "गिऱ्हाईक तक्रार करंल."

"करू दे. मी आहे ना."

"मग लिव. आता तरी पक्कं होतंय का?"

"होतंय, आण्णा."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मला त्यांची क्षमा मागायची होती. मी फक्त पांघरूण सारखे केले.

२१ फेब्रुवारीला त्यांना उभे करता आले नाही, आणि दुपारी ते गेले. त्या तारखेची ओळ मी भरली नाही. शेवटची नोंद आदल्या सकाळची आहे: ६९.२.