एक रथ, दोन नवस

शब्बाथची, शनिवारची दुपार आहे, जेवणं आटोपली आहेत, आणि शेगुलाबाई झिराडकर कोचावर पाय पोटाशी घेऊन पडली आहे. अंगावर शाल. डोळा लागलेला नाही, लागायच्या बेतात आहे.

"आजी, नारळ फोडू?" नातू नदाव स्वयंपाकघरातून विचारतो.

"शब्बाथ सुटू दे रे. आकाशात तीन तारे दिसेपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

हा नदाव सैन्यातून अकरा महिने लेबनॉनच्या सीमेवर होता. परवा धडधाकट घरी आला. त्याच्यासाठी आजीनं नवस बोलला होता, पोरगं सुखरूप परतलं तर एलियाहू हन्नबीचा, आपल्या प्रेषिताचा, मलिदा करीन. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, पाच फळं, भरलं ताट. आज संध्याकाळी हैफातली पेणकर, नवगावकर ही मराठी ज्यू मंडळी येणार. अलिबाग सोडून इस्रायलला येऊन पन्नास वर्षं झाली, मलिदा सुटलेला नाही.

मग बाईनं खुशीत असावं की नाही? पण घशात माशाचा काटा अडकावा तसं काहीतरी आहे. गिळलं तर टोचतं. खाकरलं तर

कुणीतरी ताट चिवडतंय.

"किती कोरडे गं पोहे! नबीला काय ठसका लावतेस?"

कोचाच्या कडेला वदाद बसली आहे. वरच्या मजल्यावरची अरब शेजारीण वदाद. तिला पुरून चाळीस दिवस होऊन गेले. डोक्यावर तोच पांढरा रुमाल, आणि बोलते आहे चक्क अलिबागची मराठी.

"तू मराठी कधी शिकलीस?"

"मेल्यावर वेळच वेळ असतो. मोडक्या हिब्रूत तुझ्याशी भांडून कंटाळले होते."

"पोह्यांतलं तुला काय कळतं? पहिल्यांदा पिशवीभर दिले तर मटणाच्या रश्श्यात शिजवलेस!"

"आणि तू दोनदा वाढून घेतलंस."

शेगुला हसते. हसत पाय खाली सोडते तर पायाखाली जिना. हैफाचा दगडी जिना, दोन घरांमधून उतरणारा, वाळत घातलेल्या चादरींखालून. वदाद पुढे. एक पायरी, दुसरी, पाचवी, आणि सहावी पायरी नाहीच, तो अलिबागजवळच्या खंडाळ्याचा खडक आहे. खडकात दोन खोल चाकोऱ्या. इथूनच एलियाहू हन्नबीचा रथ आभाळात गेला असं शेगुलाच्या आईनं तिला बोट धरून दाखवलं होतं.

"चाक जरा वाकडं होतं म्हणायचं," वदाद चाकोरीत बोट फिरवते.

खडकाला मेणबत्त्यांचा वास येतो, कारण खडकाच्या पोटात हैफाच्या कार्मेल डोंगरातली गुहा आहे. त्याच नबीची. ज्यू बायका त्याला एलियाहू म्हणून हाक मारतात, ख्रिस्ती बायका मार इलियास म्हणून लेकरं त्याच्या पायाशी ठेवतात, मुसलमान वदाद त्याला खिद्र म्हणायची. तिघींचे नवस एकाच भिंतीला कपाळ टेकून.

गुहेच्या दाराबाहेर बंदर. शेहेचाळीस, सत्तेचाळीस नाही, अठ्ठेचाळीस साल आहे. लढाईला भिऊन निघालेली अरब माणसं बोटीत खच्चून भरली आहेत.

"ती बघ, माझी बहीण सामिया," वदाद म्हणते, आणि म्हणता म्हणता वदाद स्वतःच सहा वर्षांची झाली आहे. "मला ताप होता म्हणून आई माझ्यापाशी राहिली. सामिया काकाबरोबर पुढे गेली. चार दिवसांत परत येणार होती."

बोट लेबनॉनकडे निघते. सामिया परत आली नाही. सीमा पडली ती पडलीच. तिकडे तिची मुलं झाली, नातवंडं झाली, आणि या युद्धात सामियाचा एक नातू बेकरीतून भाकरी पोचवायला गेला तो सापडेना. त्याच्यासाठी वदाद गुहेत जायची. शेगुला नदावसाठी जायची. दोघी एकाच बसनं.

"वदाद, खरं सांग." शेगुलाच्या घशातला काटा हलतो. "माझं पोर आलं म्हणून तुझं राहिलं का? रथ तर एकच आहे त्याचा."

"रथ आहे तो, रिक्षा नव्हे. तीनच माणसं बसतील म्हणून?"

"थट्टा नको गं."

"मला नाही ठाऊक. मेल्यावर सगळं कळतं म्हणतात ना, ते खोटं आहे." वदाद पुन्हा म्हातारी झाली आहे. "पण मी दर खेपेला नदावचं नाव घेत होते तिथे. आधी त्याचं, मग आमच्याचं. तू?"

'तुझं ते पोर' म्हणायची शेगुला. 'तुझ्या त्या पोराचं काही कळलं का?' महिनोनमहिने. नाव विचारलंच नाही.

"नाव काय त्याचं?"

"आली बाई शेवटी गाडी रुळावर." वदाद शालीचं टोक हातात घेते. "विसरशील. गाठ मारून देते."

"अगं, शनिवार आहे! आज गाठ मारायची नसते आम्हाला."

"तू नको मारूस. मी मारते. माझा वार काल होता."

ती गाठ आवळते आणि नाव सांगते. स्वच्छ सांगते. शेगुला ते तीनदा म्हणते, दोघी हसतात, बोटीचा भोंगा

भोंगा नाही, खाली कुणाची तरी गाडी ओरडते आहे. ऊन भिंतीवर चढलं आहे. नाव गेलं. जिभेवर होतं, गेलं.

शालीच्या टोकाला गाठ आहे. दुहेरी, करकचून. पंच्याहत्तर वर्षांत शेगुलाबाईनं शनिवारी गाठ मारलेली नाही.

ती तशीच शाल लपेटून अनवाणी उठते, वरच्या मजल्यावर चढते. वदादच्या मयतीनंतर पहिल्यांदा. वदादची लेक हनान दार उघडते.

"खाला? काय झालं?"

"तुझ्या सामियामावशीच्या नातवाचं नाव काय गं?"

"आत्ता विचारतेस?"

"आत्ता."

"जवाद."

"काही कळलं त्याचं?"

"नाही."

"मग संध्याकाळी खाली ये. ताटं दोन मांडणार आहे."

"दुसरं कशाला? तो आलाय कुठे?"

"म्हणूनच. नदावचा नवस फेडायचाय. जवादचा आज बोलायचाय."

हनान शेगुलाबाईच्या शालीच्या टोकाशी चाळा करते, गाठीत नख घालायला जाते.

शेगुलाबाई तिचा हात हलकेच बाजूला करते. "राहू दे. ही सोडायला जवाद येईल."